फिलिपिनो सिनेमा झाडीपट्टीत कसा पाहावा, कसा दाखवावा

सुरुवात 'हिमाला'पासून करा. इंटरनेटवरच्या याद्यांत आधी दिग्दर्शक लाव डियाझचं नाव येतं, ब्रिलांते मेंडोझाचं येतं, कारण युरोपातल्या महोत्सवांत त्यांना बक्षिसं मिळाली. दोघंही मोठेच. पण त्यांच्या दारातून आत शिरलात तर अर्धी मंडळी पहिल्या वीस मिनिटांत चपला शोधायला लागेल, आणि पुन्हा बोलावलं तर येणार नाही.

हे मी लिहितो ते वडसा, ब्रह्मपुरी, कुरखेडा, लाखांदूर, सिंदेवाही या पट्ट्यातल्या माणसासाठी. मी नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतो. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट सुरू झाले की होळीपर्यंत रात्र आमची नसते. मग उन्हाळा-पावसाळा हाताला काम कमी, आणि जागायची सवय काही सुटत नाही. त्या रिकाम्या रात्रींत आमच्या समाजमंदिरात पडदा लागतो. फिलिपिन्सचा सिनेमा खेड्यात कोण बघते, असं विचारणारे भेटतात. बघतात, कारण त्या देशाचा सिनेमा नाटकातून निघाला आणि त्यानं नाटकाची लाज कधी धरली नाही. तिथं आई मोकळ्या गळ्यानं रडते, मधेच गाणं येतं, विनोदी नट येऊन हसवून जातो, देवाला साकडं घातलं जातं, दुष्ट माणूस शेवटी मार खातो. शहाणे लोक याला भडक म्हणतात. झाडीपट्टीवाल्यानं हा शब्द इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं काही वाटत नाही.

पहिली रात्र: 'हिमाला'

हा १९८२ चा. दिग्दर्शक इश्माएल बेर्नाल, लेखक रिकी ली, एल्साच्या भूमिकेत नोरा आउनोर. कुपांग नावाचं गाव, पाऊस रुसलेला. ग्रहण लागतं आणि टेकडीवरच्या वाळक्या झाडापाशी एल्सा नावाच्या साध्या पोरीला आवाज येतो, मारियामाता दिसते. मग ती लोकांच्या अंगावर हात ठेवते, लोक बरे होतात म्हणे, आणि गावाचं नशीब फिरतं. बाहेरगावची गर्दी येते, खाण्यापिण्याची दुकानं लागतात, मूर्ती आणि बाटलीतलं पाणी विकणारे येतात, शहरातून कॅमेरा घेऊन एक माणूस येतो, आणि एल्साची जुनी मैत्रीण निमिया तिथंच रात्रीचा धंदा उघडते. चित्रण झालं ते लुझॉन बेटाच्या उत्तरेला, इलोकोस नॉर्ते प्रांतातल्या वाळूच्या भागात. शेवटच्या प्रसंगाला हजारो माणसं उभी केली होती.

दाखवण्याआधी गोष्ट सांगू नका, गावाचं नाव आणि दुष्काळ एवढंच सांगा. मग नोराच्या डोळ्यांकडे लक्ष द्यायला सांगा. आमचे नट हात उचलतात, आवाज चढवतात, कारण शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचायचं असतं. नोरा जागची हलत नाही. आजूबाजूची गर्दी धावते, पडते, छाती बडवते आणि मधे ही बाई नुसती बघते. आमच्या कंपनीतल्या एका जुन्या नटीनं अर्धा सिनेमा झाल्यावर माझ्या कानात विचारलं, "हे काहीच करत नाही जी, मंग मले काहून भेव वाटून राहिलं?" एवढं झालं की तुमची पहिली रात्र वसूल.

शेवटी एल्सा टेकडीवर उभी राहून मायक्रोफोनमधून गर्दीशी बोलते. ती काय बोलते ते इथं लिहीत नाही. दाखवणाऱ्यानं मात्र तयारी ठेवावी, कारण सिनेमा संपल्यावर भांडण होते. आमच्याकडे भजनी मंडळातले एक काका आणि अंनिसची पुस्तकं वाचणारा एक पोरगा उजाडेपर्यंत वाद घालत बसले: एल्सा आधीपासून खोटं बोलत होती, की तिचा स्वतःचाही विश्वास होता? सिनेमा याचं उत्तर देत नाही. तुम्हीही देऊ नका.

एक गोष्ट चहा पिताना सांगण्याजोगी आहे. या सिनेमाला पैसा दिला तो राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या राजवटीनंच उभारलेल्या एका सरकारी संस्थेनं, आणि तिच्या प्रमुखपदी राष्ट्राध्यक्षांची मुलगी इमी मार्कोस होती. त्याच राजवटीच्या सेन्सॉरनं याच बेर्नालच्या 'मनिला बाय नाइट'ची काय गत केली ते पुढे येईलच.

नोरा कोण, हे सांगून ठेवा

बायकांना नोराची गोष्ट सिनेमाइतकीच आवडते. बिकोल भागातल्या इरिगा गावची गरीब घरची पोर. रेल्वे स्टेशनवर प्रवाशांना पाणी विकायची. गाण्याच्या स्पर्धेत १९६७ साली देशात पहिली आली आणि सिनेमात गेली. त्या काळी पडद्यावर चालायच्या त्या उंच, गोऱ्या, स्पॅनिश किंवा अमेरिकन रक्त मिसळलेल्या नट्या. नोरा बुटकी आणि सावळी. तिनं तो शिरस्ता मोडला. तिच्या समोर विल्मा सान्तोस. दोघींच्या चाहत्यांत अशी फूट की घरातल्या घरात दोन पक्ष. विल्मा पुढे राजकारणात जाऊन बतांगास प्रांताची गव्हर्नर झाली. नोरा २०२२ मध्ये तिथला सर्वोच्च कलासन्मान मिळवून राष्ट्रीय कलावंत झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये गेली.

नटांचं राजकारण तिकडे आपल्यापेक्षा चार पावलं पुढे. मारधाडीच्या सिनेमातला जोसेफ एस्त्रादा १९९८ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचा दोस्त फर्नांडो पो ज्युनियर, ज्याला सगळा देश नावाच्या तीन आद्याक्षरांनी ओळखायचा, तो २००४ मध्ये त्याच खुर्चीसाठी उभा राहिला, हरला आणि त्याच वर्षी वारला. त्याचा एखादा मारधाडपट पोरांसाठी लावायला हरकत नाही, पण पूर्ण रात्र त्यावर घालवू नका.

अक्षरं वाचता न येणाऱ्यांचं काय

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सविस्तर. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं पळायला लागली की आपली निम्मी सभा बाहेर पडल्यात जमा. दोन उपाय आहेत, आणि पहिला उपाय आपल्याच घरचा आहे: प्रॉम्प्टर.

नाटकात विंगेत बसून संवाद पुरवणारा माणूस कसा काम करतो ते ज्यानं पाहिलं आहे त्यालाच हे काम द्या. त्यानं सिनेमा आधी एकदा एकट्यानं पाहावा आणि कागदावर पात्रांची नाती लिहून घ्यावीत. खेळाच्या वेळी स्पीकरच्या बाजूला, हळू आवाजाचा माईक घेऊन बसावं. प्रत्येक वाक्य सांगायचं नाही. कोण कोणाचं कोण, एवढं पहिल्या अर्ध्या तासात घट्ट बसवलं की बाकीचं लोक तोंडावरून ओळखतात. "हे एल्साची माय, पोटची नाही, सापडलेलं लेकरू वाढवलं तिनं" असं एक वाक्य दहा संवादांचं काम करते. पडद्यावरची बाई रडायला लागली की प्रॉम्प्टरनं तोंड मिटावं. सांगायचं ते तिच्या आधीच्या श्वासात सांगावं. गाण्याचे शब्द सांगत बसू नये, गाणं संपल्यावर एका ओळीत मतलब सांगावा. आणि पुस्तकी मराठी वापरू नये. मास्तरांच्या भाषेत विनोद सांगितला तर कोणी हसत नाही, तोच आपल्या झाडीबोलीत सांगितला तर शेवटच्या रांगेतून शिट्टी येते. नाटकी आवाज मात्र काढायचा नाही, नट पडद्यावर आहेत.

दुसरा उपाय म्हणजे मराठी सबटायटल स्वतः तयार करणं. सबटायटलची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत क्रमांक, वेळ आणि वाक्य अशा ओळी असतात. वेळेच्या ओळीला हात लावू नका, फक्त वाक्य बदला. एका वेळी पडद्यावर दोन ओळींपेक्षा जास्त नको. सेव्ह करताना 'यूटीएफ-८' निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. व्हीएलसी प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन देवनागरी फॉन्ट निवडा. अक्षरं बोलण्याच्या पुढेमागे होत असतील तर कीबोर्डवर 'जी' आणि 'एच' ही बटणं दाबून वेळ जुळवता येते. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपनं कच्चा मसुदा मिळतो, पण ते ॲप सासूला 'तू' म्हणते आणि चोराला 'आपण'. इथं कानाचा उपयोग करा: फिलिपिनो माणूस मोठ्याशी बोलताना मधेमधे 'पो' लावतो, आणि इंग्रजीत ते गळून जाते. 'पो' ऐकू आलं की आपल्याकडचं 'जी' बसवा. काम झालं.

सिनेमे मिळतात कुठे? नवे लोकप्रिय सिनेमे नेटफ्लिक्सवर येत-जात असतात, जुने आणि महोत्सवी मुबी नावाच्या सिनेमांच्या साइटवर. तिथल्या स्टार सिनेमा कंपनीच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवरही पूर्ण सिनेमे टाकलेले असतात. इंग्रजी अक्षरं आहेत की नाही ते आधी तपासा. घरी चार जणांनी बघणं वेगळं, गावात पडदा लावून जाहीर खेळ करायचा असेल तर हक्क ज्याच्याकडे आहे त्याला ईमेल टाकून परवानगी मागा. तिकीट न लावता दाखवतो असं स्पष्ट लिहा.

मागे वळताना: साहुकार, फुलवाली आणि पेटीवाला

दोन-तीन सिनेमे झाले की लोकांनाच इतिहास ऐकायची इच्छा होते. तेव्हा तारखांची माळ लावू नका, एकच गोष्ट सांगा.

फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर सहा वर्षांनी, १२ सप्टेंबर १९१९ रोजी, मनिलात 'दालागांग बुकिद' लागला. फिलिपिनो माणसानं काढलेला हा पहिला कथापट. काढणारा होसे नेपोमुसेनो. गोष्ट त्यानं नवी लिहिली नाही, रंगभूमीवर गाजत असलेलं संगीत नाटक उचललं. आंखेलिता नावाची फुलं विकणारी गरीब पोरगी, तिचं मन कायदा शिकणाऱ्या सिप्रियानोवर, आणि आईबाप तिला पैसेवाल्या म्हाताऱ्या डॉन सिल्वेस्त्रेच्या गळ्यात बांधायला निघालेले. ही गोष्ट आमच्या कंपनीनं वेगवेगळ्या नावांनी किती वेळा केली असेल ते विचारू नका. स्पेननं तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, तिथलं गाणं-संवादाचं नाटक फिलिपिन्सला आलं आणि तागालोग भाषेत रुजून 'सार्सुवेला' झालं. त्याच्याही आधी गावोगाव राजे-राजकन्यांची लढायांची 'कोमेद्या' आणि पवित्र आठवड्यात ख्रिस्ताच्या यातनांचं 'सिनाकुलो' चालायचं. आपल्याकडे दंडार आणि खडी गंमत यांच्या शेजारी संगीत नाटक येऊन बसलं, तिकडेही तसंच.

आता माझा आवडता भाग. सिनेमा मुका होता, आणि नायिका आतांग दे ला रामा ही तर नाटकातली गाणारी. मग काय केलं? खेळ चालू असताना तीच चित्रपटगृहात हजर राहून आपलं गाणं म्हणायची. साथीला एक ट्रंपेट, एक व्हायोलिन, एक पियानो. पडद्यावर ती ओठ हलवते आणि खाली तीच गाते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या पियानोवाल्याचाच विचार करत होतो: बाई पडद्यावर तोंड उघडते आणि खालची बाई अजून श्वास घेते आहे, अशा वेळी त्यानं किती सूर जास्त धरला असेल. हे काम किती कठीण ते ज्याच्या नटीनं गाण्यात एक ओळ खाल्ली आहे त्यालाच कळते.

तो सिनेमा आज कुठंच नाही. उष्ण, दमट हवेत फिल्म टिकत नाही, त्यात १९४५ मध्ये मनिलाची लढाई झाली आणि शहर बेचिराख झालं. युद्धाआधीचे फिलिपिनो सिनेमे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. त्यातला 'गिलिव को' (१९३९) मिळाला तर जरूर लावा. खेड्यातली पोर गाणारी होऊन शहरात जाते, गोष्ट साधी, गाणी गोड. तो ज्या एलव्हीएन स्टुडिओनं काढला त्याच्या मालकीणबाई नार्सिसा दे लिओन, सगळे त्यांना दोन्या सिसांग म्हणत. बुलाकान भागातल्या, भाताच्या व्यापारात आणि जमिनीत पैसा कमावलेल्या. धान विकून सिनेमा काढणारी म्हातारी म्हटलं की आमच्याकडे राइस मिलवाल्यांकडे सगळे बघतात.

जपान्यांच्या ताब्यातल्या वर्षांत सिनेमा काढणं जवळजवळ बंद पडलं, तेव्हा नट पुन्हा रंगमंचावर गेले आणि चित्रपटगृहांतच नाच-गाणी-नकलांचे खेळ करून पोट भरू लागले. युद्धानंतर एलव्हीएन, साम्पागिता, प्रीमियर आणि लेब्रान हे चार स्टुडिओ पन्नाशीच्या दशकात जोरात चालले. साठच्या दशकात हा डोलारा खाली आला. या काळातलं लांबण लावू नका. खेराल्दो दे लिओन आणि लाम्बेर्तो आवेयाना ही दोन नावं सांगा, आवेयानाचा 'आनाक दालिता' (१९५६) दाखवा: युद्धात पडलेल्या चर्चच्या भिंतींच्या आडोशानं राहणारी माणसं आहेत त्यात.

ब्रोका बघायचा तर

लीनो ब्रोकाशिवाय हे सगळं अपुरं. तोही नाटकवालाच. पेटा नावाच्या मोठ्या नाट्यसंस्थेचा तो कर्ताधर्ता होता आणि तिथले नट त्यानं सिनेमात आणले. मनिलातली शिकलेली मंडळी गावठी प्रेक्षकाला त्याच्या पायातल्या लाकडी खडावांवरून हिणवायची. ब्रोकाला तोच प्रेक्षक हवा होता. त्यासाठी त्यानं बाजारू सिनेमेही ढीगभर केले, आणि त्यातून मोकळीक मिळवून स्वतःचे केले.

त्याचा 'मायनिला सा म्गा कुको नांग लिवानाग' (१९७५) मजुरीला जाणाऱ्या माणसांना दाखवा. आमच्या भागातून दरवर्षी टोळ्यांनी लोक तेलंगणात मिरची तोडायला जातात, मुकादम काय असतो ते त्यांना शिकवावं लागत नाही. खुलियो हा बेटावरचा मासेमार. त्याच्या लिगायाला एका बाईनं शिक्षणाचं आणि कामाचं आमिष दाखवून शहरात नेलं आणि ती परत आलीच नाही. तिला शोधत तो मनिलात येतो आणि इमारतीच्या बांधकामावर राबतो. पगाराचा प्रसंग आला की थांबून बघा: मजूर ज्या आकड्यावर सही करतात तेवढे पैसे हातात पडत नाहीत. आमच्याकडे हा प्रसंग झाला तेव्हा मागून एक जण मोठ्यानं मुकादमाला शिवी देऊन मोकळा झाला आणि कोणी त्याला गप्प बस म्हटलं नाही. सुरुवात काळ्या-पांढऱ्या रंगात आहे, शहर जागं होताना दिसते आणि मग रंग येतात. प्रोजेक्टर बिघडला म्हणून कोणी उठू नये, हे आधीच सांगा. कॅमेरा माइक दे लिओनचा, म्हणजे त्या दोन्या सिसांगचा नातू. त्यानं पुढे 'किसापमाता' (१९८१) केला, त्यात निवृत्त पोलीस बाप आपल्या लग्न झालेल्या पोरीला घराबाहेर पडू देत नाही. भुताविना इतकं भय मी दुसरीकडे पाहिलं नाही.

'इन्सियांग' (१९७६) मात्र विचार करून लावा. तो कान महोत्सवात दाखवलेला पहिला फिलिपिनो सिनेमा, १९७८ साली. सुरुवातच कत्तलखान्यातल्या डुकरांपासून होते. झोपडपट्टी, आई, आईचा तरुण यार, आणि त्याच्या हाती लागलेली पोर. सूडाची गोष्ट आहे आणि पकड सुटत नाही, पण लहान पोरं घरी पाठवून, बायकांना आधी कल्पना देऊन दाखवावा.

हे सिनेमे निघाले तेव्हा देशात १९७२ पासून मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा होता. राज्यकर्त्यांना मनिला चकचकीत दिसायला हवी होती, त्यामुळे गरिबी दाखवणं हाच गुन्हा. बेर्नालच्या 'मनिला बाय नाइट'मधून (१९८०) सेन्सॉरनं शहराचं नाव जिथंतिथं कापलं, शीर्षकसुद्धा बदलून 'सिटी आफ्टर डार्क' करायला लावलं. आणि राष्ट्राध्यक्षाची बायको इमेल्दा मार्कोसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी समुद्राकाठी फिल्म सेंटरची इमारत दिवसरात्र घाईनं बांधली जात होती, तेव्हा १७ नोव्हेंबर १९८१ च्या पहाटे तिचा मचाण कोसळून मजूर ओल्या सिमेंटमध्ये गाडले गेले. किती मेले याचा आकडा आजही वादात आहे. महोत्सव जानेवारीत ठरल्याप्रमाणे झाला. 'मायनिला' पाहिल्यावर ही हकीकत सांगितली की सभेत वेगळं काही बोलावं लागत नाही.

ब्रोका १९८५ मध्ये जीपनी या तिथल्या प्रवासी गाड्यांच्या चालकांच्या संपाला पाठिंबा दिला म्हणून तुरुंगात गेला. मार्कोस पळाल्यावर नव्या घटनेच्या समितीवर त्याला घेतलं. नागरिकांच्या स्वातंत्र्याच्या कलमात भाषण आणि वृत्तपत्रांच्या जोडीला अभिव्यक्तीही आली ती त्याच्या आग्रहानं. समितीचं काम पटेना म्हणून त्यानं राजीनामा दिला. १९९१ मध्ये मोटार अपघातात गेला.

बायकांची रात्र

सगळ्यात जास्त गर्दी आमच्याकडे 'आनाक'ला (२०००) झाली. विल्मा सान्तोस हाँगकाँगला मोलकरीण म्हणून वर्षानुवर्षं राबून घरी परत येते, आणि मोठी पोरगी तिला आई मानायलाच तयार नाही. फिलिपिन्सची लाखो माणसं परदेशात राबतात, त्यांच्या पैशावर घरं चालतात, आणि त्यांच्यावर सिनेमांची वेगळी रांगच उभी आहे. त्यातला 'द फ्लोर कोन्तेम्प्लासियोन स्टोरी' हा १९९५ चा, सिंगापूरमध्ये त्याच वर्षी फाशी दिलेल्या मोलकरणीवरचा, भूमिका नोराची. 'हेलो, लव्ह, गुडबाय' (२०१९) त्याच रांगेतला, पण तरुणांचा, प्रेमाचा. कॉलेजच्या पोरींना तो लावा, त्यांना अक्षरंही वाचता येतात.

'आनाक' बघताना प्रॉम्प्टर जवळजवळ गप्पच होता. माय-लेकीचं भांडण सुरू झाल्यावर त्यानं माईक खाली ठेवला आणि डोळे पुसले.

लांबचा खेळ

लाव डियाझचे सिनेमे चार तासांचे, आठ तासांचे, एक तर दहा तासांच्याही वर. शहरात लोक याला धाडस म्हणतात. रात्री दहाला घंटा आणि तांबडं फुटताना पडदा, असं नाटक बघणाऱ्याला यात कसलं धाडस? आमच्यासाठी योग्य तो 'मुला सा कुंग आनो आंग नून' (२०१४), ३३८ मिनिटांचा, काळा-पांढरा, स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात पहिलं बक्षीस मिळालेला. मार्शल लॉच्या आधीची दोन वर्षं, जंगलाकाठचं दूरचं गाव. रानातून रडण्याचे आवाज येतात, गाई तोडलेल्या सापडतात, झोपड्या जळतात, मग सैनिक येऊन राहतात. गडचिरोलीच्या माणसाला यातलं किती समजते ते वेगळं सांगायला नको.

रोवणी उरकल्यावर, पाऊस लागलेला असताना हा लावा. टिनाच्या छपराखाली नको, आवाज मरतो. सतरंज्या भिंतीला लागून टाका, जेवण आधी उरका, मधे दोनदा चहा ठेवा आणि चहाच्या वेळी सिनेमा थांबवा. कोणाला झोप लागली तर लागू द्या. जागं झाल्यावर शेजाऱ्याला विचारायचं. कॅमेरा बराच वेळ एका जागी असतो, माणूस पडद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जातो. आपल्या धुऱ्यावरून येणारा माणूस आपण असाच बघतो. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण तीन तासांनी लाइन गेली की मूड परत येत नाही.

हा पचला तर त्याचाच 'आंग बाबाएंग हुमायो' (२०१६) घ्या. न केलेल्या गुन्ह्यासाठी तीस वर्षं तुरुंगात घालवून बाहेर आलेली बाई, आणि सूड. व्हेनिस महोत्सवाचा सोन्याचा सिंह, म्हणजे तिथलं पहिलं बक्षीस मिळालं त्याला.

मेंडोझाचा मात्र 'मा रोसा'च (२०१६) दाखवा. छोटं किराणा दुकान, त्याआडून नशेच्या पुड्या, पोलीस धरून नेतात आणि सोडण्यासाठी पैसे मागतात. पोरं रात्रभर पैसा गोळा करत फिरतात. जॅकलिन होसेला कानमध्ये अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं ते का, हे शेवटच्या दोन मिनिटांत कळते: ती रस्त्यावर उभी राहून काडीला लावलेले माशाचे गोळे खाते आणि खाता खाता तिचं तोंड बदलत जाते. त्याचा 'किनाताय' कान महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस मिळवणारा असला तरी सभेत लावू नका. बाईचे तुकडे केलेले बघायला कोणी समाजमंदिरात येत नाही.

नव्यातला एक: मार्तिका रामिरेझ एस्कोबारचा 'लिओनोर विल नेव्हर डाय' (२०२२). जुन्या मारधाडपटांची म्हातारी लेखिका, डोक्यावर टीव्ही पडून बेशुद्ध होते आणि स्वतःच्याच अर्धवट लिहिलेल्या सिनेमात जाऊन पडते. कंपनीतल्या लेखकांना हा आवर्जून बोलवा. जुने मारधाडपट एकदोन पाहून झाल्यावरच लावायचा, नाहीतर अर्धा विनोद वाया जातो.

२५ डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मनिलाच्या चित्रपटगृहांत फक्त देशी सिनेमे लावायचा रिवाज आहे, १९७५ साली सुरू झालेल्या महोत्सवाचा तो भाग. वर्षातले मोठे तारे, भुताटकी, कौटुंबिक विनोद सगळं तेव्हाच येते. आपला तेव्हा हंगाम भरात असतो, बघायला वेळ नसतो. नावं वहीत लिहून ठेवा. महिनोन् महिन्यांनी ते सिनेमे ऑनलाइन येतात, तोवर आपला मे महिना लागलेला असतो.